शेल्टरमधला कुत्रा गाडीने घरी आणायचाय? आधी परतीचा रस्ता आखा

दत्तक कुत्रा आणायला निघालेली मंडळी जाण्याची तयारी हौसेने करतात. नाष्ट्याला फोंड्यात थांबायचं की सरळ सावर्ड्याला, हे ठरलेलं असतं. गाण्यांची यादीही झालेली असते. पण परत येताना कुत्रा कुठे बसणार, त्याच्यापाशी कोण असणार, वाटेत ओकला तर काय करायचं, असं विचारलं की "बघू त्या वेळी" एवढंच उत्तर मिळतं. माझं म्हणणं, बेत उलट्या टोकाने आखावा: आधी परतीचा रस्ता, मग शेल्टर, मग गाडी, मग सोबती, आणि सगळ्यात शेवटी नाष्टा. ज्या कुत्र्याला गाडी म्हणजे जाळं टाकून पकडून नेणारी व्हॅन एवढंच ठाऊक आहे, तो त्या दोन तासांत तुमच्याबद्दलचं पहिलं मत बनवत असतो.

मी उत्तर गोव्यातल्या डिचोलीकडची. आमच्या भागातली कुणी कुत्रा आणायला निघाली की मागच्या सीटवर बसायला मला बोलावतात. त्यामुळे हे सगळं मागच्या सीटवरून लिहिलेलं आहे.

दिवस निवडताना

गोव्यात शांत आठवडा सापडणं सोपं नाही. चवथीला घर पाहुण्यांनी भरतं आणि फटाके उडतात. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे घेऊन पहाटेपर्यंत गाजावाजा चालतो. शिगम्याला ढोल-ताशे असतात, वाड्यावरची जत्रा किंवा शेजारच्या चर्चचं फेस्त असतं, आणि किनारपट्टीत राहत असाल तर डिसेंबरचा शेवटचा आठवडा विचारूच नका. नवा कुत्रा घरात आल्यावर निदान दहा दिवस यातलं काही येऊ नये, असा आठवडा बघा. शिवाय पहिले चार-पाच दिवस घरातलं कुणीतरी सुट्टीवर हवं. ही अट पाळता येत नसेल तर महिनाभर थांबा.

ऋतूचाही विचार करा. पावसाळ्यानंतर पिल्लांचा सुकाळ असतो, कारण बऱ्याचशा कुत्र्या पावसाच्या उत्तरार्धात माजावर येतात आणि दोन महिन्यांनी, साधारण ६३ दिवसांनी, वितात. मे संपला की शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची तात्पुरती हॉटेलं, बंद होतात आणि त्यांच्या आधाराने जगलेले मोठे कुत्रे उपाशी पडतात. ते शेल्टरला येतात तेव्हा माणसांत वावरायला शिकलेले असतात. पहिलाच कुत्रा घेणाऱ्याला मी पिल्लाऐवजी असा दोन-तीन वर्षांचा कुत्रा सुचवते. त्याचा स्वभाव बनून चुकलेला असतो, तो जसा दिसतो तसाच बहुधा असतो.

किनाऱ्यावरचा कुत्रा परस्पर उचलू नका

दरवर्षी कुणीतरी सुट्टीला येतं, किनाऱ्यावरच्या कुत्र्याशी गट्टी जमते आणि त्याला गाडीत घालून पुण्याला नेण्याचा विचार सुरू होतो. आधी त्याचा कान बघा. कानाला छोटी खाच असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे, आणि २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांप्रमाणे त्याला मुद्दाम त्याच्याच जागी परत सोडलेलं आहे. त्याला रोज भात घालणारी एखादी आजी असते, त्याची टोळी असते, त्याची हद्द असते. त्याला उचलून फ्लॅटमध्ये नेणं म्हणजे सुटका नव्हे. जखमी, आजारी किंवा नुकताच कुणी टाकून दिलेला दिसला तर गोष्ट वेगळी. तेव्हाही आधी आजूबाजूला विचारा, मग शेल्टरला फोन करा.

कुठे जायचं

दक्षिणेत कुडचड्याला गोवा ॲनिमल वेल्फेअर ट्रस्ट आहे. उत्तरेत आसगावला वेल्फेअर फॉर ॲनिमल्स इन गोवा, म्हणजे पूर्वीचं इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू. अस्नोड्याला वर्ल्डवाइड व्हेटर्नरी सर्व्हिसचं केंद्र आहे, जिथे उपचारांबरोबर डॉक्टरांना प्रशिक्षणही देतात. याशिवाय घरी चार-पाच पिल्लं सांभाळून त्यांना घरं शोधून देणारी फॉस्टर मंडळी गावोगाव आहेत. न कळवता जाऊ नका. सकाळच्या वेळी तिथे सफाई, खाणं, औषधं आणि अपघातात सापडलेली जनावरं हे सगळं एकदम चाललेलं असतं.

शक्य असेल तर दोन फेऱ्या करा, एक बघायला आणि एक आणायला. घाटापलीकडून येणाऱ्यांना ते जड जातं. त्यांनी फोनवर आणि व्हिडिओवर जास्तीत जास्त विचारून घ्यावं, गोव्यात एक रात्र मुक्काम ठेवावा, संध्याकाळी बघावं आणि सकाळी न्यावं. मधल्या रात्रीत बऱ्याच जणांचं मत बदलतं, आणि ते बदलायला वाव असलेलाच बरा.

सोबत कोण

एकट्याने जाऊ नका, हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. गाडी चालवणारा कुत्र्याकडे बघू शकत नाही आणि कुत्र्याकडे बघणारा गाडी चालवू शकत नाही. कुत्रा ज्याच्या घरी जाणार त्याने मागे बसावं, सोबत्याने गाडी चालवावी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, कारण गाडी आपली असते. चावी द्यायची तयारी ठेवा.

सोबती कुत्र्यांवर जीव टाकणारा असलाच पाहिजे असं नाही. उलट थोडा कोरडा असलेला चांगला. त्याला नकाराचा हक्क आधीच देऊन ठेवा: "तू नाही म्हणालास तर आज आणायचं नाही." शेल्टरच्या दारात तीस कुत्रे एकदम भुंकायला लागले की आपली विचारशक्ती जागेवर राहत नाही. त्या वेळी "हा साठ किलोच्या ताकदीने ओढतोय आणि तुझी आई पंच्याहत्तर वर्षांची आहे" असं म्हणणारं माणूस शेजारी हवं.

हे काम स्कूटरवर होत नाही. पिल्लू असलं तरी नाही.

गाडीची तयारी

मागच्या सीटवर आधी प्लॅस्टिक, त्यावर जुनी चादर, त्यावर गोधडी. पायाकडच्या खोलगट जागेतही काहीतरी भरून ती सीटच्या पातळीला आणा. ब्रेक लागल्यावर कुत्रा तिथेच घसरतो. काही कुत्रे मात्र मुद्दाम त्या खड्ड्यात दडून बसतात. तसं झालं तर बसू द्या, ओढून वर काढू नका.

बरोबर घ्यायचं ते असं: अंगाला नीट बसणारं हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा), गळ्यातला पट्टा, दोन लीश (धरून फिरवायच्या दोऱ्या), सीट बेल्टला अडकवायची क्लिप, पाण्याची बाटली आणि वाडगा, रद्दी पेपर, दोन जुने टॉवेल, कचऱ्याच्या पिशव्या आणि तुमचा फोन नंबर लिहिलेला बिल्ला. बिल्ला शेल्टरमध्येच पट्ट्याला लावा, "घरी गेल्यावर लावू" म्हणू नका. क्लिप हार्नेसलाच अडकवायची, गळ्याच्या पट्ट्याला कधीही नाही. जोराचा ब्रेक लागला तर मानेला झटका बसतो. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावा आणि खिडक्यांची बटणं ड्रायव्हरकडून बंद करा, कारण पंजा बटणावर पडून काच खाली जाते. पुढची सीट एअरबॅगमुळे नको. पिल्लू असेल तर कडक बाजूंची वाहतुकीची पेटी उत्तम. सुगंधी फ्रेशनर डॅशबोर्डवरून काढून टाका. आपल्याला जो चंदनाचा वास वाटतो त्याने कुत्र्याला मळमळतं.

शेल्टरमध्ये काय बघायचं

फोटोत आवडलेला कुत्राच बघायचा असं ठरवून जाऊ नका. आपल्या घराची यादी घेऊन जा: फ्लॅट की अंगण, घरात मांजर किंवा कोंबड्या आहेत का, लहान मुलं, म्हातारी माणसं, घर दिवसातून किती तास रिकामं असतं. ही यादी तिथल्या कर्मचाऱ्यांना वाचून दाखवा आणि "आमच्यासाठी तुम्ही कुठला सुचवाल?" असं विचारा. रोज खाणं घालणाऱ्या माणसाला जे माहीत असतं ते कुठल्याच फोटोत दिसत नाही.

केनेलच्या, म्हणजे पिंजऱ्याच्या, जाळीआडचा कुत्रा खरा कुत्रा नव्हे. तिथे जो सगळ्यात जास्त भुंकतो तो बाहेर आल्यावर शांतपणे पायाशी बसतो, आणि कोपऱ्यात निजलेला बाहेर येताच खेळायला लागतो. त्याला लीशवर बाहेर आणायला सांगा. थोडं चालू द्या. तुम्ही बाजूला उकिडवे बसा, हात पुढे करू नका, डोळ्यांत बघू नका. तो स्वतःहून येतो का, आला तर किती वेळाने, हे पाहा. सोबत्याला थोड्या अंतरावर पाण्याची बादली खाली ठेवायला किंवा गाडीचं दार आपटायला सांगा. दचकेल तर कुठलाही कुत्रा. दचकून किती वेळात सावरतो हे महत्त्वाचं. काही सेकंदांत सावरून परत हुंगायला लागला तर शहरी आवाजात टिकेल. बराच वेळ थरथरत राहिला तर तो वाईट कुत्रा नव्हे, पण त्याला शांत घर आणि अनुभवी माणूस हवं.

विचारायचे प्रश्न: कुठे आणि कशा अवस्थेत सापडला? किती दिवस इथे आहे? पूर्वी घरात राहिलाय का? वाटी उचलली तर गुरगुरतो का? इतर कुत्र्यांशी, मांजरांशी कसा? आजार काय काय होऊन गेले? गोचीड तापाची रक्ततपासणी झालीय का? हा शेवटचा प्रश्न गोव्यात विसरू नका. आपल्या दमट हवेत गोचिडी बारा महिने असतात, आणि एर्लिकिया, बबेसिया हे त्यांच्यातून येणारे आजार वरून धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्यातही लपलेले असतात. हिरड्या स्वतः बघा: गुलाबी हव्यात, पांढुरक्या नकोत.

तीन पायांच्या कुत्र्याला लगेच नाकारू नका. रस्त्यावरच्या अपघातांमुळे असे बरेच असतात आणि ते इतके सहज धावतात की चौथा पाय नाही हे आपणच विसरतो. खरूज बरी होते. काळ्या आणि मोठ्या वयाच्या कुत्र्यांना विचारणारे कमी, हे प्रत्येक शेल्टरवाला सांगेल.

तेही तुम्हाला प्रश्न विचारतील: घर भाड्याचं आहे का, मालकाची परवानगी आहे का, घरातले सगळे तयार आहेत का, गावाला गेलात तर कोण बघणार. राग मानू नका. जिथे काहीही न विचारता कुत्रा हातात देतात तिथे मला जास्त काळजी वाटते.

कागदपत्रं

लसीकरणाचं पुस्तक, नसबंदीची नोंद, दत्तकपत्राची प्रत. पिल्लू असेल तर पुढच्या लसींच्या तारखा लिहून घ्या. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या सुमारास, आणि पार्व्हो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांवरची एकत्र लस दीड-दोन महिन्यांपासून काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा. मिशन रेबीज या संस्थेच्या पथकांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून लसीकरण केल्यावर २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला, पण म्हणून तुमच्या कुत्र्याची लस चुकवायची नाही. राज्याबाहेर नेणार असाल तर प्रवासाला योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला घ्या. पत्रादेवी, केरी किंवा मोलेच्या नाक्यावर कुणी विचारलं तर दाखवता येतो.

परतीचा रस्ता

न्यायच्या दिवशी सकाळचं खाणं घालू नका, असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. प्रवासाआधी चार ते सहा तास पोट रिकामं असलेलं बरं. थोडं पाणी चालतं. तो ज्यावर झोपायचा तो फडक्याचा तुकडा मागून घ्या, मळका असला तरी. नव्या गाडीत तेवढाच ओळखीचा वास. निघण्याआधी आवारातच त्याला फिरवून लघवी करू द्या.

आता सगळ्यात धोक्याची वेळ: केनेलपासून गाडीपर्यंतची वीस पावलं. दत्तक कुत्रे पळतात ते बहुतेक अशाच ठिकाणी: गाडीत चढताना, वाटेत थांबल्यावर, घरासमोर उतरताना. भ्यालेला कुत्रा मागे सरकतो, मान काढून घेतो आणि हातात नुसता पट्टा उरतो. म्हणून दोन लीश, एक हार्नेसला आणि एक गळ्यातल्या पट्ट्याला. दोन्हींची टोकं मागे बसणाऱ्याच्या मनगटात. आधी तुम्ही आत बसा, मग त्याला वर घ्या. सोबत्याने दार बंद केल्यानंतरच बाकीचं काही.

एसी २४-२५ वर, गाणी बंद, गप्पा हळू. काच वर. हवेसाठी उघडायचीच तर चार बोटं, डोकं बाहेर जाईल इतकी नाही. पहिला अर्धा तास त्याला कुरवाळत बसू नका. हात सीटवर ठेवा, त्याला हवं तर तो येऊन हनुवटी टेकेल. लाळ गळायला लागली, तो सारखे ओठ चाटायला लागला, जांभया देऊ लागला की मळमळ सुरू झाली समजा. पेपर पसरा, ड्रायव्हरला वेग कमी करायला सांगा. ओकला तर न ओरडता गुंडाळून पिशवीत टाका. माणसांच्या उलटीच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, काहीही देऊ नका. पॅरासिटामॉल कुत्र्याला विषासारखी ठरू शकते. लांबचा प्रवास असेल तर कुत्र्यांसाठीचं उलटीचं औषध आदल्या दिवशी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आमच्याकडे येताना कुडचड्याहून पूल ओलांडून सावर्डे, पुढे तिस्क, उसगाव, साखळी असा रस्ता. खाणपट्ट्यातले ट्रक समोरून यायला लागले की हॉर्नने कुत्रा आक्रसतो. तिथे घाई न करता ट्रक पुढे जाऊ द्यावेत. दिवाडीला राहणाऱ्यांना फेरीबोट चुकत नाही. कुत्र्याला गाडीतच ठेवा, काचा वर, आणि फळी आपटण्याच्या आवाजाआधी एक हात त्याच्या छातीवर.

बेळगावकरांना चोर्ला, लोंढा-खानापूरवाल्यांना अनमोड, गडहिंग्लज-आजऱ्याकडच्यांना आंबोली. तिन्ही घाटांत वळणं अशी आहेत की माणसंही हिरवी पडतात. घाट दिवसाउजेडी पार होईल असं निघा. संध्याकाळनंतर रस्त्यावर गवे येतात, पावसात धुकं असतं, आणि अचानक ब्रेक लागतात. घाट लागण्याआधी एकदा थांबा आणि चढून गेल्यावर एकदा, पण घाटातल्या धबधब्यापाशी किंवा माकडं बसलेल्या वळणावर नको. थांबायची जागा गावाबाहेरची निवडा. चहाच्या टपरीपाशी तिथल्या कुत्र्यांची हद्द असते आणि तुमच्या पाहुण्यावर चौघे धावून येतात. दार उघडण्याआधी दोन्ही लीश हातात आहेत का, हे मोठ्याने बोलून तपासा. ऐकायला बावळट वाटतं, पण उपयोगी पडतं. भजीचा तुकडा, बिस्कीट, चॉकलेट द्यायचं नाही. कांदा, मनुका, चॉकलेट कुत्र्याला चालत नाहीत.

आणि जेवायला दोघांनी एकदम जायचं नाही. बाहेर ३२ अंश असताना बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत चाळिशी ओलांडतं. एक जण गाडीत, एक जण आत, मग अदलाबदल. डबा बरोबर असेल तर प्रश्नच मिटतो.

घरी पोचल्यावर

स्वागताला गर्दी नको. शेजारच्या मुलांना आठवड्याने बोलवा. फाटक आधी बंद, मगच गाडीचं दार. फाटकाच्या गजांमधून कुत्रा निसटेल का, विहिरीला कठडा आहे का, हे आदल्या दिवशी बघून ठेवलेलं असावं. आधी अंगणात लघवीला न्या, मग एकाच खोलीत. तिथे पाणी, गोधडी आणि शेल्टरमधलं ते फडकं. आंघोळ आज नको, कितीही वास येत असला तरी.

रात्री थोडी उकड्या तांदळाची पेज आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन. माशांची आमटी, खारा बांगडा, काटे असलेलं डोकं हे लाड नंतरही करू नका. पहिल्या दिवशी तो काहीच खाणार नाही, असंही होतं. मोठ्या कुत्र्याला एक दिवसाचा उपास चालतो. एकदोनदा पातळ शी झाली तरी ती ताणामुळे असू शकते. पण पिल्लू वारंवार ओकत असेल, शीमध्ये रक्त दिसत असेल, किंवा मलूल पडलं असेल तर सकाळची वाट बघू नका. पार्व्होत तासांचा हिशेब असतो. पहिली रात्र त्याच खोलीत चटई टाकून झोपलात तर रडणं कमी होतं.

पहिला पंधरवडा

दोन-तीन दिवसांत तुमच्या डॉक्टरांकडे न्या, पुस्तक घेऊन. वजन, रक्त, जंतांचं औषध, गोचिडींवरचा उपाय, आणि पाऊस जवळ असेल तर लेप्टोच्या लसीबद्दल विचारा. उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणारा तो आजार आपल्याकडे पावसाळ्यात माणसांनाही होतो. पालिकेत किंवा पंचायतीत नोंदणीची काय पद्धत आहे ते विचारून घ्या.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने, असा एक ठोकताळा कुत्रेवाले सांगतात: तीन दिवस बावरलेला, तीन आठवड्यांनी घरच्या वेळा कळलेला, तीन महिन्यांनी घरचा. ठोकताळाच तो, पण पहिल्या आठवड्यात "हा आपल्याला लळाच लावत नाही" म्हणून हिरमुसणाऱ्यांना कामी येतो. या काळात लीश सोडून फिरवायचं नाही, गावात सगळे तसंच फिरवत असले तरी. घरातही एक हलकी लीश मागे लोंबती ठेवा, म्हणजे पलंगाखाली दडला तर पट्ट्याला हात घालावा लागत नाही.

काही केल्या जमत नसेल, तो मांजरावर धावतच असेल किंवा घरातल्या कुणाला चावला असेल, तर आधी शेल्टरला कळवा. बहुतेक ठिकाणी परत घेतात किंवा दुसरं घर शोधायला मदत करतात. दुसऱ्या वाड्यावर नेऊन सोडायचा विचारही नको. फोन करताना नुसतं कुत्र्याचं नाव सांगू नका, दत्तकपत्रावरची तारीख आणि केनेलचा नंबर सांगा. तिथे एका वेळी चार-पाच ब्राऊनी असतात.